विरोध करायचाय, पण नेमकं काय केल्याने फरक पडतो? (नाशिक)

पंचवटीची_पोरगी:
नमस्कार मंडळी. मी आयटीत जॉब करते, आजवर मतदान सोडून कशात पडले नाही. तपोवनात 2027 च्या कुंभासाठी साधुग्राम (साधूंच्या राहण्याची तात्पुरती वसाहत) करायचं म्हणून झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळे पेटले होते, ऑनलाइन सह्या झाल्या, स्टेटस लावले आणि चार दिवसांत विषय थंड. आता आमच्याच रस्त्याचं रुंदीकरण होणार म्हणतात आणि जुन्या वडांच्या खोडांवर लाल रंगाने नंबर टाकलेत. सकाळी दूध आणायला जाताना ते नंबर दिसतात आणि पोटात कालवतं. घरी म्हणतात नसत्या भानगडीत पडू नको, केस झाली तर पासपोर्टला अडचण येईल. मला खरंच काहीतरी करायचंय, पण कुठून सुरुवात करू? मोर्चा, निवेदन, माहिती अधिकार, यातलं कशाने काय होतं ते अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

सातपूरचा_संज्या:
ताई, नंबर टाकलेत म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. झाडं तोडायच्या आधी नोटीस द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, हे 1975 च्या वृक्ष कायद्यात आहे. नोटीस झाडावर चिकटवलेली असेल तर आजच फोटो काढ आणि हरकतीची मुदत बघ, ती फार थोडी असते आणि लोक तिथेच चुकतात. हरकत लिहिताना "पर्यावरणाचा ऱ्हास" वगैरे मोघम लिहू नको. कुठला नंबर, कुठलं झाड, खोडाचा घेर किती, जुन्या रहिवाशांना ते कधीपासून आठवतंय, असं लिही. 2021 च्या दुरुस्तीप्रमाणे 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात, आणि असं झाड तोडलं तर त्याचं वय जितकं तितकी नवी झाडं लावावी लागतात, त्यामुळे वयाचा मुद्दा आला की त्यांना उत्तर द्यावंच लागतं. रस्ता थोडा वळवता येतो का, दुभाजकात झाड ठेवता येतं का, हेही विचार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोच घे. दोन प्रती ने, महापालिकेच्या आवक टेबलावर एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलायचं नाही. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तरी थांबायचं. पोच नसेल तर तुझी हरकत आलीच नाही असं सुनावणीत म्हणायला ते मोकळे.

सोबत माहिती अधिकारही टाक. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. "झाडं का तोडता" असं विचारू नको, जागेवर केलेल्या पाहणीच्या अहवालाची प्रत आणि पाहणीची तारीख माग. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

गंगापूर_रोडकर:
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. कुंभाला लाखो भाविक येतात, रस्ते नकोत का? प्रत्येक कामाला आडवं गेलं तर शहर पुढे कसं जाणार? नाराजी असेल तर मतपेटीतून दाखवावी, लोकशाहीत तोच सनदशीर मार्ग आहे.

सातपूरचा_संज्या:
दादा, रस्ता हवाच आहे, कुठून जावा एवढंच विचारतोय. आणि मतपेटीचं म्हणाल तर आपल्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 ला संपली आणि निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक होते, त्या काळात मी कुणाला मत द्यायचं आणि कुणाला पाडायचं? हरकत, सुनावणी, माहिती अधिकार हेही सनदशीरच आहे, कायद्यानेच दिलंय. तपोवनातल्या तोडीला हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने) स्थगिती दिली तीसुद्धा कुणीतरी अर्ज घेऊन गेलं म्हणून.

सुरगाण्याचा_पोऱ्या:
मोर्च्याचं मी सांगतो. माझा बाप 2018 च्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये चालला होता, 6 मार्चला नाशिकच्या सीबीएस बस स्थानकावरून निघाले आणि 12 ला आझाद मैदानात. मुंबईत पोरांचे दहावीचे पेपर होते म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालले, तळपाय फाटलेले तरी. मागणी 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसतो ती जमीन नावावर करा ही मुख्य होती. सरकारने लेखी दिलं, पण अंमलबजावणी रखडली म्हणून फेब्रुवारी 2019 ला परत निघावं लागलं. बापाकडे प्लास्टिकच्या पिशवीत दाव्याचा अर्ज, ग्रामसभेचा ठराव आणि पोच सगळं घडी करून ठेवलेलं आहे, कुठल्याही मोर्च्याला जाताना ती पिशवी सोबत असते. अधिकारी खाली आला की घोषणा थांबतात आणि तो कागदच मागतो. म्हणून मोर्चा की अर्ज असं नसतं ताई, दोन्ही लागतं. आणि लागतं बरीच वर्षं. दलितांना काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून केलेला सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, दांडीयात्रेच्याही आधी, बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांनी तो काही वर्षं चालवला, लोकांनी मार खाल्ला, तुरुंगात गेले, तरी तेव्हा दार उघडलं नाही. म्हणून ते वाया गेलं असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही.

वकील_नाशिकरोड:
केसच्या भीतीबद्दल. हरकत, निवेदन, माहिती अधिकार यावर केस होत नाही, हे घरच्यांना आधी सांगा. एकत्र जमायचं असेल तर शांततेने आणि विनाशस्त्र जमायचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये आहे, पण शहरात बऱ्याचदा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1)(3) चा जमावबंदीचा मनाई आदेश असतो, तो मोडला की कलम 135 खाली गुन्हा. त्यामुळे आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, किती लोक, कुठे, किती वाजता, आणि त्याचीही पोच घ्या. बऱ्याचदा त्याच कायद्याच्या कलम 68 खाली ताब्यात घेतात आणि संध्याकाळी सोडतात, त्याने आयुष्य बरबाद होत नाही. कोर्टात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्टला अडचण येऊ शकते, पण कोर्टाच्या परवानगीने मार्ग निघतो. हे सगळं माहीत असून मग ठरवा, नुसत्या ऐकीव भीतीने घरी बसू नका. आणि एकटीने जाऊ नका, दहा जणांच्या दहा वेगवेगळ्या हरकती द्या, एकाच कागदावर दहा सह्या घेतल्या तर ती एक हरकत म्हणून निघू शकते.

पंचवटीची_पोरगी:
खूप खूप आभार सगळ्यांचे. संध्याकाळी जाऊन बघितलं, दोन झाडांवर नोटीस आहे, एक अर्धी फाटलीये पण तारीख वाचता येते, शुक्रवारपर्यंत मुदत आहे. समोरच्या आजी म्हणाल्या त्या लग्न होऊन आल्या तेव्हाही वड एवढाच होता, त्या स्वतःच्या नावाने हरकत द्यायला तयार आहेत, फक्त त्यांना लिहून द्यावं लागेल. घेर कसा मोजतात, किती उंचीवर?

सातपूरचा_संज्या:
साधारण छातीच्या उंचीवर, टेप खोडाला गोल फिरवून. वडाच्या पारंब्या मध्ये येतील, त्या सोडून मुख्य खोड मोज आणि टेप दिसेल असा फोटो घे. आजींचं नक्की घे, त्या कुठल्या साली आल्या ते साल लिही. गुरुवारी सकाळी मी येतो, माझ्याकडे मोठा टेप आहे.