मदत हवी आहे: एरोकारच्या मॉडेलमधला लांब शाफ्ट थरथरतो

अमेरिकेत मोल्टन टेलर यांनी बनवलेली एरोकार ही उडणारी मोटारगाडी 1949 साली उडाली, 1956 मध्ये तिला सरकारी मान्यताही मिळाली. पंख-शेपूट काढून मागे ट्रेलरसारखं ओढत रस्त्यावरून न्यायचं, अशी रचना. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिचं चालतं मॉडेल करतोय. उडवायचं नाही, टेबलावरच राहणार.

पंखा शेपटीच्या टोकाला आहे, त्यामुळे मोटर ते पंखा असा लांब शाफ्ट (फिरणारा दांडा). वेग वाढवला की एका ठरावीक टप्प्यावर सगळी शेपूट थडथडते, आणखी वाढवला की पुन्हा शांत होते. पंखा बॅलन्स केलाय, दोन्ही टोकांना बॉल बेअरिंग आहेत, रबरी कपलिंगही (शाफ्ट जोडणारा तुकडा) लावून पाहिलं. फरक नाही. मोटर शेपटीत हलवा असं कृपया सुचवू नका. एकच इंजिन चाकं आणि पंखा दोन्ही कसं चालवतं, हेच तर मुलांना दाखवायचंय!

टेलरनी शाफ्टचे पिळाचे हादरे शोषायला पोलादी छर्रे भरलेलं कपलिंग वापरलं होतं. माझा शाफ्ट पिळवटतोय की मधोमध वाकतोय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? वाकत असेल तर तिसरं बेअरिंग नेमकं कुठे बसवू?