मदत हवी आहे: डिकीच्या कोपऱ्यात फायबरग्लासचा सबवूफर बॉक्स, रेझिन मगातच दगड होतंय

परभणीचा_बेस
नमस्कार मंडळी. स्विफ्टच्या डिकीत उजव्या कोपऱ्यात, चाकाच्या कमानीमागे बसेल असा १० इंची सबवूफरचा बंद (सील्ड) बॉक्स करायलोय. प्लायचा चौकोनी ठेवला तर निम्मी डिकी जाते. स्पीकरच्या कागदावर क्यूटीएस (स्पीकरचं हलणं किती आवरलं जातं त्याचा आकडा) ०.४५, व्हीएएस (स्पीकरच्या पडद्याइतकीच लवचिक असलेल्या हवेचं माप) ४० लिटर, एफएस (स्पीकरची स्वतःची कंपनसंख्या) ३० हर्ट्झ आहे. मॅट, म्हणजे काचेच्या तुकडे-धाग्यांची चादर, चौरस मीटरला ४५० ग्रॅमची चॉप्ड आणली. मॅट भिजवून कडक करणाऱ्या रेझिनच्या डब्यासोबत दोन बाटल्या मिळाल्या, एकीत जांभळं, दुसरीत पाण्यासारखं. लेबल एकावरही नाही.

दुपारी दोनला अर्धा किलो घोळ केला, सहा-सात मिनिटांत मगात घट्ट, वर धूर. हार्डनर किती घालावं? समोरचा आकार थर्माकोल कोरून करायचा बेत आहे, चालेल का? आणि बॉक्स नेमका किती लिटरचा धरू?

एफआरपी_लातूर
आधी बाटल्या. जांभळी ती कोबाल्ट, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. पाण्यासारखी ती एमईकेपी, म्हणजे हार्डनर. ही दोन एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. एकच चमचा दोन्हींत बुडवणंसुद्धा टाळा. कोबाल्ट आधी सगळ्या रेझिनमध्ये नीट ढवळून घ्यायचं. हार्डनर मात्र दर वेळी, लागेल तेवढ्याच घोळात. रेझिन आधीच गुलाबी-जांभळट दिसत असेल तर त्यात कोबाल्ट घातलेलं असू शकतं. दुकानात जाऊन विचारा, आणि बाटल्यांवर स्वतः नावं लिहा.

एमईकेपीचा एक थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. चष्मा घालाच, आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा. वासासाठी एन-९५ मास्कचा उपयोग नाही, तो धूळ अडवतो, रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकाची वाफ नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क घ्या.

आता मगातला दगड. रेझिन सेट होताना स्वतःच उष्णता सोडतं. अर्धा किलो खोल मगात ठेवलं की ती उष्णता बाहेर पडायला वाट नसते. मग गरम झालं म्हणून लवकर सेट, लवकर सेट म्हणून आणखी गरम, असं चक्र चालतं. त्यात परभणीचा मे, बाहेर ४२-४३ अंश. म्हणून एका वेळी २०० ग्रॅमच्या वर घोळ नको, तोही पसरट भांड्यात. हार्डनर १ टक्का, म्हणजे २०० ग्रॅमला २ ग्रॅम, सिरिंजने मोजून. उन्हाळा आहे म्हणून पाव टक्क्यावर आणू नका. पाऊण टक्क्याच्या खाली रेझिन पुरतं पिकतच नाही, म्हणजे कडक होत नाही, आठवडाभर चिकट राहतं आणि भिंत लवचिक होते. वेळ वाढवायची ती हार्डनर तोडून नाही, काम पहाटे हलवून. सहा ते नऊ, सावलीत, रेझिनचा बंद डबा गार पाण्याच्या टबात ठेवून.

आधी १०० ग्रॅमची चाचणी करा. १५ ते २० मिनिटांत जेलीसारखं झालं तर प्रमाण बरोबर. उरलेला गरम घोळ कचऱ्यात टाकू नका, पेट घेऊ शकतो. वाळूत पसरून द्या.

गोदाकाठ
थर्माकोलचा बेत इथेच सोडा. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, दहा मिनिटांत आकाराचा लगदा होईल. त्याच कारणाने थर्माकोलच्या कपात घोळ करू नका, आणि डिकीच्या प्लास्टिक ट्रिमवर रेझिन सांडू देऊ नका.

लिटरचा हिशेब साधा आहे. क्यूटीसी, म्हणजे बॉक्समध्ये बसवल्यावर स्पीकरचा येणारा क्यू, ०.७०७ हवा असेल तर ०.७०७ भागिले ०.४५ म्हणजे १.५७. त्याचा वर्ग २.४७, त्यातून १ वजा, १.४७. व्हीएएस ४० भागिले १.४७, साधारण २७ लिटर. कोपऱ्यात एवढी जागा मिळणं अवघड. २० लिटर धरलं तर क्यूटीसी ०.७८ येतो, म्हणजे खालचा बेस थोडा कमी, पण बंद गाडीत खालच्या सुरांना आपोआप उठाव मिळतो, त्यामुळे खटकणार नाही. २० लिटरवर जा. आत उशीतला पॉलिएस्टरचा कापूस २५०-३०० ग्रॅम सैल भरला की स्पीकरला बॉक्स थोडा मोठा भासतो.

मोजायला ज्वारी वापरा. समोरचं कापड कडक झाल्यावर आत पॉलिथिन अंथरून स्पीकरच्या भोकातून लिटरच्या मापाने भरा, किलोने नाही, लिटरभर ज्वारी किलोभर भरत नाही. त्या वेळी २२.५ ते २३ लिटर बसायला हवी: २० हवेचे, दीड स्पीकरच्या मागच्या भागाचा, एक आतल्या मॅटच्या थरांचा.

परभणीचा_बेस
थर्माकोल रद्द. मग समोरचा आकार कशाचा? आणि कोपऱ्याचा साचा गाडीतच काढायचा ना?

एफआरपी_लातूर
हो, गाडीतच. पण कार्पेट आणि ट्रिमवर आधी प्लास्टिकची शीट, मग मास्किंग टेपचे दोन आडवे-उभे थर, वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, फॉइलला मेण. टेपची जोडही उघडी राहिली तर बॉक्स डिकीलाच चिकटतो. टेल लॅम्पचा बल्ब बदलायची खिडकी त्या कोपऱ्यात असेल तर ती मोकळी सोडा, नाहीतर एका बल्बसाठी अख्खा बॉक्स काढावा लागेल.

मॅट तळहाताएवढ्या तुकड्यांत फाडा, कात्रीने कापू नका. फाटलेली कड पुढच्या तुकड्यात मिसळते. गाडीत दोनच थर, ते पिकल्यावर साचा बाहेर काढून आणखी तीन. ४५० ग्रॅमचा एक थर साधारण १ मिमी, म्हणजे ५ मिमी भिंत. प्रत्येक थरात ब्रशने टिपत हवा काढायची, ओढत नाही, ओढलं की मॅट गोळा होते. पांढरे ठिपके दिसले म्हणजे आत हवा अडकली. ओला साचा उन्हात ठेवू नका, स्टायरीन उडून जातं. सेट झाल्यावर मात्र दिवसभर कडक ऊन द्या, तेच पिकवतं आणि वास घालवतं. आदल्या दिवशीच्या थरावर नवा थर देण्याआधी ६० नंबरच्या पेपरने घासा, गुळगुळीत पृष्ठावर थर पापुद्र्यासारखा सुटतो.

समोरचा भाग: १८ मिमी प्लायची रिंग, स्पीकरच्या कापाच्या मापाची. तिला लाकडी पट्ट्यांच्या टेकूंनी हव्या त्या कोनात साच्यावर उभी करा. रिंग ते साच्याची कड असं फ्लीसचं कापड ताणून स्टेपल करा. ताणलेलं कापड नेहमी आत झुकतं, बाहेर फुगत नाही. फुगीर आकार हवा असेल तर रिंगच पुढे आणा. कापड रेझिनने पूर्ण भिजलं पाहिजे, अर्धंच भिजलं तर आतून लोकरच राहते. मग आतून भोकातून हात घालून मॅटचे चार थर, विशेषतः रिंगच्या सांध्यावर. हवा गळते ती तिथूनच.

गोदाकाठ
सामान: मॅट २ किलो, रेझिन ६ किलो, हार्डनर १०० मिली, फ्लीस दीड मीटर, अ‍ॅसिटोन १ लिटर ब्रश धुवायला. रेझिन मॅटच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट, जास्त ओतलं तर ताकद नाही, ठिसूळपणा वाढतो. बाहेरून पॉलिएस्टर पुट्टी, डेंटिंगवाले लांबी म्हणतात ती, पण पातळ.

स्पीकर लाकडी स्क्रूने लावू नका, काढ-घाल केली की भोक मोठं होतं. रिंगमध्ये आधीच टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे धातूचे नट) ठोका, कडेला फोमची गॅस्केट पट्टी द्या. बसवल्यावर स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, बोटांनी समान दाबा आणि सोडा. सावकाश परत आला तर बॉक्स बंद आहे, टचकन आला तर गळतो. गळती शोधायला ३० हर्ट्झचा सूर लावून सांध्यांवरून उदबत्ती फिरवा, अ‍ॅसिटोनचा डबा लांब ठेवून.

परभणीचा_बेस
साचा पिकला हे कसं ओळखायचं? अजून नखाला किंचित चिकट लागतंय.

एफआरपी_लातूर
नख रुतत नसेल आणि फक्त वरचा थर चिकट असेल तर तो हवेमुळे राहतो, खाली पक्कं असतं. अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसा, घासा, पुढचा थर द्या. नख रुतत असेल तर तो भाग खरवडून पुन्हा करा. वरून नवा थर दिला तरी खालचं ओलं तसंच राहतं.