कास पठारावर उपग्रहांचा खरा उपयोग

साताऱ्याजवळच्या कास पठारावरची पर्यटकांची गर्दी उपग्रहांद्वारे मोजावी, ही सूचना मला अपुरी वाटते. पृथ्वीची चित्रे टिपणाऱ्या युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे साधारण दर ५ दिवसांनी मोफत मिळतात. पण त्यांतला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० मीटर लांब-रुंद असल्याने माणसे दिसत नाहीत आणि ऐन फुलांच्या हंगामात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पठार बहुधा ढगांखालीच असते. खरा उपयोग पावसाळा सरून आकाश निवळल्यावर आहे: कातळावरचा मातीचा पातळ थर तुडवला जाऊन कोठे मोठे पट्टे उघडे पडले, वाहनतळ किती पसरला, हे वर्षानुवर्षांची चित्रे शेजारी ठेवल्यास कळू शकते. ही माहिती मराठी नकाशाच्या रूपात स्थानिक गावांच्या वन समित्यांच्या हाती पडायलाच हवी, कारण पठाराची रोजची राखण त्याच करतात.