मिल्टन हे नाव ‘रिटायर’ केलं म्हणजे नेमकं काय केलं? आणि आपल्याकडं निसर्ग, तौक्ते परत येणार का?

रंकाळा_काठ:
मंडळी, जरा माहिती पाहिजे होती. माझी थोरली बहीण फ्लोरिडात टँपाजवळ असते. ऑक्टोबर २०२४ ला मिल्टन हरिकेन (तिकडचं मोठं चक्रीवादळ) आलं तेव्हा ते सगळे घर बंद करून लांब ओळखीच्यांकडं गेलेले आणि इकडं आम्ही घरातले सगळे फोन हातात धरून जागे, आईनं तर अंबाबाईला साकडं घातलेलं. सुखरूप राहिले सगळे, देवाची कृपा. तर परवा ताई बोलता बोलता म्हणाली की मिल्टन हे नाव आता कायमचं काढून टाकलंय, परत कुठल्याच वादळाला ते द्यायचं नाही असं ठरलंय. मला हे ठाऊकच नव्हतं. म्हणजे एरवी तीच तीच नावं परत परत वापरतात का? काढायचं कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, आणि काढलेल्याच्या जागी नवीन नाव कुठनं येतं? आणि आपल्याकडच्या निसर्ग, तौक्ते या नावांचं काय होतं? कुणाला नीट माहीत असेल तर सविस्तर लिहा, भाच्यालाही वाचून दाखवायचंय.

नकाशावाला:
चांगला प्रश्न विचारलात. अटलांटिक महासागराच्या बाजूला नावांच्या एकूण सहा याद्या आहेत. एका वर्षाला एक यादी, सहा वर्षं झाली की परत पहिली. एका यादीत २१ नावं, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, एक बाईचं एक पुरुषाचं असं आलटून पालटून. क्यू, यू, एक्स, वाय आणि झेड ही अक्षरं घेत नाहीत कारण त्यावरनं पुरेशी नावं मिळत नाहीत. वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटरच्या घरात गेला की मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर यादीतलं पुढचं नाव देतं. त्यामुळं तुमचा अंदाज बरोबर आहे, तीच नावं फिरून फिरून येतात. कत्रिना हे नाव २००५ च्या आधी १९९९ लाही होतं, ते एक साधं दुबळं वादळ होतं, कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

पण एखादं वादळ फार माणसं मारून गेलं किंवा फार नुकसान करून गेलं तर ते नाव यादीतनं काढतात. हे सेंटर एकटं ठरवत नाही. जागतिक हवामान संघटनेची एक हरिकेन समिती आहे, त्यात उत्तर अमेरिका, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरचे देश आहेत. हंगाम संपल्यावर पुढच्या वसंतात त्यांची बैठक होते, ज्या देशाला फटका बसला तो मागणी करतो, चर्चा होते आणि नाव काढलं की जागच्या जागी दुसरं घालतात. बदली नाव त्याच अक्षराचं, बाईचं असेल तर बाईचं, पुरुषाचं असेल तर पुरुषाचं, आणि इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच या तिथल्या भाषांतलं.

तुमच्या ताईंच्या मिल्टनचंच बघा. ते नाव मुळात बदली म्हणूनच आलेलं. २०१८ ला मायकेलनं फ्लोरिडाचा वायव्येकडचा किनारा झोडपला, मायकेल काढलं आणि त्या जागी मिल्टन घातलं. २०२४ ला यादी फिरून आली, मिल्टन पहिल्यांदाच वापरलं आणि पहिल्याच फेरीत काढावं लागलं! आता २०३० ला त्या जागी मिगेल असेल. त्याच वर्षीची बेरिल आणि हेलीनही काढली, त्यांच्या जागी ब्रियाना आणि हॉली. एप्रिल २०२५ मधे जाहीर झालं हे सगळं. त्याच यादीत एस अक्षराला सारा आहे, तिथं आधी सँडी होतं, २०१२ ला न्यूयॉर्क न्यूजर्सीकडं धिंगाणा घातलेलं तेच.

पंचगंगा_उजवा_तीर:
आय अक्षराचं तर विचारूच नका. आतापर्यंत सगळ्यात जास्त नावं त्याच अक्षराची काढावी लागलीत, कारण हंगाम ऐन भरात आला, ऑगस्ट सप्टेंबर, की यादी साधारण तिथपर्यंत पोचलेली असते आणि समुद्र सगळ्यात तापलेला असतो. २००४ ला आयव्हन आलं, काढलं, इगॉर घातलं. २०१० ला इगॉरनं कॅनडाच्या न्यूफाउंडलंडची दाणादाण उडवली, तेही काढलं, इअन घातलं. इअननं २०२२ ला फ्लोरिडाचं फोर्ट मायर्स उद्ध्वस्त केलं, आता २०२८ ला इड्रिस. त्याच यादीत एम अक्षराला मिच होतं, १९९८ ला होंडुरास निकाराग्वामधे हजारो माणसं गेली त्यात, मग मॅथ्यू आलं ते २०१६ ला हैतीवर जाऊन काढावं लागलं, आता मार्टिन आहे. एकाच यादीत एकाच अक्षराखाली तीन तीन पिढ्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण त्या यादीत प्रत्येक बदललेल्या नावाखाली कुणाचं तरी गाव गेलेलं आहे.

रंकाळा_काठ:
बापरे, मिल्टनच्या आधी मायकेल होतं हे ताईलाही माहीत नसेल. धन्यवाद सर. पण अजून एक कळंना, ‘फार माणसं, फार नुकसान’ म्हणजे किती? काही आकडा ठरलाय का? का कॅटेगरी पाचचं, म्हणजे वाऱ्याच्या जोरात सगळ्यात वरच्या पातळीचं झालं की आपोआप निघतं?

नकाशावाला:
नाही, आकडा ठरलेला नाही आणि कॅटेगरीवर तर अजिबात नाही. २००५ लाच एमिली कॅटेगरी पाचला पोचलेलं, ते नाव अजून यादीत आहे. उलट २००१ चं ॲलिसन कधी हरिकेन झालंच नाही, त्याच्या खालच्या पातळीवरच राहिलं, पण टेक्सासवर येऊन रेंगाळलं आणि ह्यूस्टन पाण्यात बुडवलं. हरिकेन न होता नाव निघालं असं ते पहिलंच. वारा किती यापेक्षा पाणी किती आणि ते कुठं पडलं, यावर जास्त अवलंबून असतं. हेलीनमधेही तेच झालं, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात नद्या फुगल्या आणि माणसं गेली.

फिलिपिन्समधे मात्र आकडा आहे. तिथलं हवामान खातं स्वतःची वेगळी स्थानिक नावं देतं, चार याद्या फिरवत, आणि तीनशे माणसं गेली किंवा एक अब्ज पेसोचं नुकसान झालं की नाव बाद. २०१३ ला जगभर ज्याला हैयान म्हणत होते त्याला तिथली माणसं योलांडा म्हणायची, दोन्ही नावं काढली.

पंचगंगा_उजवा_तीर:
आकडा नसल्यामुळं काय होतं ते पण सांगायला पाहिजे सर. १९९४ ला गॉर्डन नावाचं वादळ हैतीवरनं गेलं, एकट्या हैतीत हजाराच्या वर माणसं गेली, आणि गॉर्डन हे नाव काढलं नाही. आजही यादीत आहे, २०२४ लाही एका वादळाला दिलं. मागणी करायची पद्धत आहे म्हटल्यावर जो देश आधीच मोडून पडलेला असतो, त्या वेळी हैतीत सगळी राजकीय उलथापालथ चाललेली, तो बैठकीत उठून आमच्या माणसांसाठी हे नाव काढा म्हणणार कसा? माझं मत स्पष्ट आहे, एवढी माणसं गेल्यावर कुणी मागायची वाट बघू नये, समितीनं आपणहून काढावं. नाव काढल्यानं गेलेली माणसं परत येत नाहीत हे मलाही कळतंय, पण निदान त्या नावाचं दुसरं वादळ टीव्हीवर दाखवताना तिथल्या आईबापांना ते परत ऐकावं लागू नये एवढं तरी.

नकाशावाला:
हे पटण्यासारखं आहे. अजून एक व्यवहाराचंही कारण असतं. विमा, कोर्टकचेऱ्या, सरकारी मदत, पुढचे अभ्यास या सगळ्यात ते नाव वर्षानुवर्षं येत राहतं, त्याच नावाचं दुसरं वादळ आलं की कागदपत्रांत घोळ. सुरवातीला तर १९५४ च्या कॅरोल, एडना, हेझलच्या वेळी नाव कायमचं नव्हे, दहाएक वर्षांपुरतंच बाजूला ठेवायचं ठरलेलं, म्हणून कॅरोल १९६५ ला परत आलं. कायमचं काढायची पद्धत नंतरची.

आता आपल्याकडचं. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र इथं नाव एकदाच वापरतात. वापरलं की संपलं, मग ते वादळ कितीही किरकोळ असो. त्यामुळं निसर्ग आणि तौक्ते परत येणार नाहीत आणि आपल्याकडं वेगळं रिटायर करायची गरजच पडत नाही. २००४ पासून नावं द्यायला सुरवात झाली, तेव्हा आठ देशांनी मिळून ६४ नावं दिलेली, त्यातलं शेवटचं अम्फान, मे २०२०. मग १३ देशांची १६९ नावांची नवी यादी आली आणि तिच्यातलं पहिलंच नाव निसर्ग, बांगलादेशानं दिलेलं. आपली नावं गती आणि तेज वापरून झाली, पुढं मुरासु, आग, व्योम अशी आहेत. नाव जाहीर करतं ते दिल्लीचं आपलं हवामान खातं, सगळ्या १३ देशांसाठी.

माहेर_श्रीवर्धन:
निसर्गचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी आता राजारामपुरीत असते पण माहेर श्रीवर्धनचं. ३ जून २०२० ला दुपारी ते तिथंच किनाऱ्यावर आलं. आमची सुपारीची वाडी होती, श्रीवर्धनची रोठा सुपारी माहीत असेल तुम्हाला. सुपारीचं झाड सरळसोट बारीक असतं, वाऱ्यानं ते मधेच मोडतं, आणि एक पडलं की शेजारचं घेऊन पडतं. बाबांनी पाठवलेल्या फोटोत आमच्या मागच्या दारातनं थेट शेजारच्यांची विहीर दिसत होती, जी मी जन्मात कधी घरातनं बघितली नव्हती, इतकी गच्च वाडी होती मधे. लॉकडाऊन चाललेला, जायला मिळालं नाही. सुपारी लावली की धरायला पाच सात वर्षं तरी जातात, म्हणजे लोकांचं सगळं उत्पन्नच थांबलं, आणि नुकसानभरपाई मिळाली ती किती पुरणार.

ते नाव परत कधी वादळाला देणार नाहीत हे आज कळलं, बरं वाटलं. पण एक बोलते, तिकडं निदान बैठक बसते, कुठलं वादळ कुणाला किती लागलं याची चर्चा होते, नोंद होते, जाहीर करतात. आपल्याकडं सगळीच नावं आपोआप संपतात, म्हणजे समुद्रातच विरून गेलेलं वादळ आणि आमचा निसर्ग दोन्ही एकाच हिशोबात. मला वाटतं आपल्याकडंही वर्षाच्या शेवटी ज्या वादळानं माणसं आणि गावं नेली त्याचं नाव वेगळं नोंदवून जाहीरपणे घ्यायला पाहिजे.

रंकाळा_काठ:
ताई, वाचून वाईट वाटलं. वाडी परत उभी राहिली का?

माहेर_श्रीवर्धन:
परत लावली. रोपं चांगली वाढलीत, नारळ अजून कमी आहेत. भाऊ बघतो सगळं.

शिरोळचा_पाटील:
मला एक विचारू का, मग पुरांना का नावं देत नाहीत? आमच्याकडं एकोणीसचा पूर, एकवीसचा पूर, म्हातारी माणसं अजून पाचचा सांगतात. घरात पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा भिंतीवर वर्ष टाकून केल्यात. त्यात माणसं, जनावरं, ऊस, सगळं गेलेलं, पण नाव काही नाही. वादळाला नाव आणि आम्हाला नुसतं साल.

नकाशावाला:
पाटील, नाव द्यायचं मूळ काम आठवण ठेवणं नाही, इशारा देणं आहे. समुद्रात एका वेळी दोन तीन वादळं असू शकतात, ती सरकतात, एका देशातनं दुसऱ्या देशात जातात, रेडिओवर अक्षांश रेखांश सांगत बसलं तर बोटीवरच्या माणसाला काय कळणार. पूर जागचा हलत नाही. आपल्याला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगितली की पुरे, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, लहान पोराला पण पाठ आहे इथं. पण तुम्ही म्हणता ती आठवणीची गोष्ट खरी आहे आणि सालानं ठेवलेली आठवणही कमी नाही, भिंतीवरची खूण जपा, रंग देताना पुसू नका.

रंकाळा_काठ:
भाच्याचा एक प्रश्न आलाय, वादळ एका समुद्रातनं दुसऱ्या समुद्रात गेलं तर नाव बदलतं का?

पंचगंगा_उजवा_तीर:
हुशार आहे पोरगं! वाटेत ते जिवंत राहिलं तर नाव तेच. २०१६ ला ऑटो कोस्टारिका ओलांडून अटलांटिकातनं पॅसिफिकात गेलं, नाव ऑटोच राहिलं, आणि नंतर ते रिटायर केलं, आता त्या जागी ओवेन आहे. पण वाटेत मोडलं आणि पलीकडं नव्यानं उभं राहिलं तर नवीन नाव. २०२१ च्या सप्टेंबरला गुलाब आंध्र ओडिशाकडनं आत आलं, विरलं, त्याच्या उरलेल्या कमी दाबानं मराठवाड्यात तुफान पाऊस पाडला, शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली, मग ते गुजरातकडनं अरबी समुद्रात उतरलं, तिथं परत चक्रीवादळ झालं आणि त्याला नाव मिळालं शाहीन, ते पुढं ओमानवर जाऊन आदळलं. भाच्याला नकाशावर ती वाट पेन्सिलनं काढायला सांगा. आणि नाव सुचवायचं असेल तर सांगा त्याला, आपल्या हवामान खात्याच्या महासंचालकांना सामान्य माणूसही नाव कळवू शकतो, फक्त लहान पाहिजे, इंग्रजीत जास्तीत जास्त आठ अक्षरं, उच्चारायला सोपं, आणि कुठला धर्म, पक्ष, व्यक्ती यांच्याशी संबंध नको.

रंकाळा_काठ:
सांगितलं त्याला, वही घेऊन बसलाय. ताईलाही हे सगळं पाठवतो. सगळ्यांचे मनापासून आभार.