शब्दचर्चा: ‘आभासी मैत्री’ नको, मग काय म्हणायचं?

परवा आत्याने विचारलं, "रोज रात्री कोणाशी एवढं टाइप करत असतेस गं?" आणि मी अडले. ‘मैत्रीण’ म्हणायला जीभ वळेना, कारण आम्ही कधी भेटलेलो नाही, एकमेकींचा आवाजही ऐकलेला नाही. ‘ओळखीतली एक’ म्हणणं तिच्यावर अन्याय झाला असता. शेवटी "आहे एक, अभ्यासातली" असं काहीतरी पुटपुटले. तेव्हापासून हा शब्द शोधते आहे, म्हणून ही चर्चा.

थोडी पार्श्वभूमी सांगते. दीड वर्षापूर्वी संख्याशास्त्राच्या एका अभ्यासगटात प्रमाण विचलनाचं एक गणित माझं जुळत नव्हतं. तिने चूक दाखवली. मी भागाकार n ने, म्हणजे एकूण नोंदींच्या संख्येने केला होता, पण नोंदी फक्त नमुन्याच्या असल्यामुळे तो n वजा १ ने करायला हवा होता. तिथून बोलणं सुरू झालं. गणितावरून परीक्षेवर, परीक्षेवरून झोपेवर, झोपेवरून छंदांवर आलो. मी क्रोशाचं विणते, ती पक्षी बघते. बोलण्यात गंभीर असं फारसं काही नसतं. ‘आज तीन ओळी उसवल्या’, ‘आज खिडकीत शिंपी आला होता’, एवढंच.

पहिले तीन आठवडे आम्ही एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणत होतो. मग एक दिवस तिने लिहिलं, ‘आता तू म्हणूया का?’ मी ‘हो’ म्हटलं, लिहायला लागले ‘तू काल म्हणा’, आणि बोट थांबलं. म्हणालास की म्हणालीस? मी मागचे सगळे मेसेज वर सरकवून वाचले. ‘उत्तर सापडलं नाही.’ ‘बघून सांगेन.’ ‘मला वाटतं सूत्र चुकलंय.’ ‘वाचून झालं.’ एकाही वाक्यात पत्ता नव्हता. ‘मी वाचलं’मध्ये क्रियापद पुस्तकाच्या मागे जातं, ‘मला वाटतं’मध्ये बोलणारा बाजूला राहतो, ‘सांगेन’ दोघांनाही चालतं आणि ‘तुम्ही म्हणालात’ने तर सगळंच झाकलं होतं. ‘दमलो’ किंवा ‘दमले’ एकदा आलं असतं तरी कळलं असतं. शेवटी सरळ विचारलं, ‘म्हणालास की म्हणालीस?’ उत्तर आलं, ‘म्हणालीस. आणि मी?’ मी लिहिलं, ‘तूही म्हणालीस.’ आमची खरी ओळख त्या एका प्रत्ययावर झाली, असं मला आजही वाटतं. ‘अहो-जाहो’वरून ‘अरे-तुरे’वर यायचं म्हणजे समोरचा कोण ते आधी ठरवावं लागतं, ही आपल्या भाषेची अट आहे.

आता शब्दांकडे येते.

‘आभासी मैत्री’ हा वर्तमानपत्री शब्द मला मुळीच पटत नाही. आभास म्हणजे नसलेलं असल्यासारखं वाटणं. ‘मला आभास झाला’ म्हणजे तिथे काही नव्हतं. हे विशेषण लावलं की मैत्री खोटी ठरवूनच बोलणं सुरू होतं. ‘व्हर्च्युअल’साठी हा शब्द आपल्याला शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यापासून ओळखीचा आहे. वास्तव प्रतिमा पडद्यावर घेता येते, आभासी प्रतिमा घेता येत नाही, सपाट आरशातली प्रतिमा आभासी असते, हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. आता गंमत बघा. आमची मैत्री आहे ती फक्त पडद्यावरच! त्या व्याख्येने तरी तिला आभासी म्हणता येणार नाही.

‘तोंडओळख’ हा शब्द तर नेमका उलटा आहे. जिना उतरताना रोज दिसणाऱ्या माणसाशी आपली तोंडओळख असते. चेहरा माहीत, बाकी काही माहीत नाही. इथे बाकी बरंच माहीत आहे. ती कंटाळली की कसे तुटक शब्द लिहिते, कोणत्या विषयाला घाबरते, पहाटे किती वाजता उठते, सगळं मला ठाऊक आहे. फक्त तोंड माहीत नाही. ‘अक्षरओळख’ किती छान बसला असता, पण तो शब्द मुळाक्षरं शिकण्यासाठी आधीच राखलेला आहे.

‘टाइमपास’ म्हणणारेही भेटतात. त्यावर मला एवढंच म्हणायचं आहे की मराठीत वेळ जातो, वेळ घालवतात आणि वेळ काढतात, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातही ‘कसाबसा वेळ काढला’ आणि ‘तुझ्यासाठी वेळ काढला’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून तिने मला एक सिद्धता समजावली. तो वेळ तिने काढला होता, घालवला नव्हता.

तुम्ही अशा माणसाला काय म्हणता? तुमच्या घरात, तुमच्या बोलण्यात खरोखर कोणता शब्द येतो?

प्रतिसाद १

एवढा विचार कशाला? मित्र किंवा मैत्रीण म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. न भेटता मैत्री होत नाही असं कुठे लिहिलंय? पसायदानात ‘भूतां परस्परें जडो मैत्र जीवांचें’ असं मागितलंय. त्यात भेटीगाठीची अट कुठे आहे? आणि क्रियापद बघा, ‘जडो’. मैत्री करता येते, पण मैत्र जडतं. तुमचं जडलंय, एवढं पुरे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात थोडी भर घालतो. ‘मित्र’ हा शब्द दिसतो तितका साधा नाही. आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९०७ साली असं मांडलं की या शब्दाचा जुना अर्थ ‘करार’ असा आहे. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला ‘मिथ्र’ हा शब्द करार याच अर्थी येतो. संस्कृतमध्ये स्नेही या अर्थी ‘मित्रम्’ नपुंसकलिंगी आहे, म्हणजे तुम्हाला पडलेला ‘म्हणालास की म्हणालीस’ हा पेच तिथे निदान नामापुरता पडत नाही. मराठीने मात्र मित्र पुल्लिंगी केला आणि मैत्रीण वेगळी घडवली.

मूळ अर्थ करार असेल, तर तुम्ही ‘मैत्रीण’ म्हणताना का अडखळलात ते मला कळतं. मित्र म्हटलं की काही देणं-घेणं, काही बांधिलकी आलीच. तुमच्या नात्यात ती बांधिलकी बोलून दाखवलेली नाही.

मला ‘गोष्ट’ या शब्दाकडे लक्ष वेधायचं आहे. संस्कृत ‘गोष्ठ’ म्हणजे गाई जिथे उभ्या राहतात ती जागा. त्यावरून आपला ‘गोठा’ आला. ‘गोष्ठी’ म्हणजे मंडळी जमतात ती बैठक, मग त्या बैठकीतलं बोलणं, आणि मग मराठीत ‘गोष्ट’. म्हणजे आधी जागा, मग जमणं, मग बोलणं, असा क्रम. तुमचंही तसंच झालं. आधी गट नावाची जागा होती, तिथे जमलात, आणि गोष्टी मागून आल्या. ‘गप्पा’ला असा जागेचा आधार नाही. फारसीत ‘गप’ म्हणजे बोलणं, तोच शब्द आपल्याकडे आला. एकवचनी ‘गप’ म्हणजे उठलेली वावडी किंवा थाप, अनेकवचनी ‘गप्पा’ मात्र निरुपद्रवी आणि सुखाच्या. शिवाय ‘गप बस’मधला ‘गप’ आहेच, अगदी उलट अर्थाचा.

प्रतिसाद ३

मी पत्रमैत्रीच्या काळातला माणूस. नऊ वर्षं एका मुलाशी पत्रव्यवहार होता, भेट एकदाही नाही. ‘पत्रमित्र’ हा शब्द तेव्हा सर्रास चालायचा आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. म्हणून आधी वाटलं, त्याच धर्तीवर ‘चॅटमित्र’ म्हणावं. पण विचार केल्यावर पटेना.

पत्र लिहायला बसावं लागायचं. चांगला कागद घ्यायचा, मनातल्या मनात मायना जुळवायचा, आठ-दहा दिवसांतलं सांगण्यासारखं तेवढं निवडायचं. ‘आज तीन ओळी उसवल्या’ हे कोणी पत्रात लिहीत नसे, कारण पत्र पोचेपर्यंत त्या ओळी पुन्हा विणून व्हायच्या. चॅटमध्ये न निवडलेलं बोलणं येतं, आणि मला वाटतं फरक इथेच आहे. माझा नातू म्हणतो, "काल आम्ही बोललो." मी विचारतो, फोनवर? तो म्हणतो, "नाही हो आजोबा, मेसेजवर." म्हणजे त्याच्या पिढीत ‘बोलणं’ या क्रियापदाला आवाज लागत नाही. पण ‘मेसेज टाकतो’ हेही तोच म्हणतो, आणि त्यातला ‘टाकणे’ सरळ आमच्या पत्रपेटीतून आलाय. पत्र टाकायचो तसाच मेसेज टाकतात!

१९७३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ नावाच्या संगणकप्रणालीवर ‘टॉकोमॅटिक’ नावाची गप्पांची सोय झाली होती. त्यात समोरचा टाइप करत असताना एकेक अक्षर उमटताना दिसायचं, खोडलेलंसुद्धा. हे मी वाचलं तेव्हा मला ते पत्रापेक्षा कट्ट्यावरच्या बोलण्याच्या जवळचं वाटलं. माणूस अडखळताना दिसतो, ते बोलणंच. त्यामुळे ‘पत्र’ शब्दात राहू देऊ नका, एवढं माझं म्हणणं.

प्रतिसाद ४

मी बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते. माझंही असंच एक माणूस आहे. आम्ही फार बोलत नाही. ती तिच्या टेबलाशी, मी माझ्या. ती लिहिते ‘बसले’, मी लिहिते ‘मीपण’. तासाभराने ‘झालं का?’ ‘अर्धं.’ मग पुन्हा शांत. कोणी विचारलं तर मी ‘सोबतीला असते’ असं सांगते. रात्री जागायचं असलं की आई जवळ येऊन नुसती बसायची, मदत काहीच करायची नाही, त्याला आम्ही सोबत म्हणायचो. हे मला तसंच वाटतं. बरोबर आहे का माहीत नाही.

प्रतिसाद ५

‘बाकी काय?’ याबद्दल कोणीच लिहिलं नाही! अशा गप्पांतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे. माहिती शून्य, उत्तरही ठरलेलं: ‘काही नाही, तू बोल.’ मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. सांगण्यासारखं काही नसताना, केवळ नातं जिवंत राहावं म्हणून केलेलं बोलणं. ‘बाकी काय?’ याचा अर्थ ‘विषय संपलाय, पण मला अजून जायचं नाही’ असा आहे. ‘चल, ठेवते’ म्हटल्यावरही पाच मिनिटं चालतं ते त्यामुळेच.

मूळ लेखिकेचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ५ वाचून मी आमचे जुने मेसेज शोधले. ‘बाकी काय’ दोनशेच्या वर वेळा सापडलं, आणि त्यातलं एकही मला वाया गेलेलं वाटलं नाही.

आजोबा, तुमचा ‘न निवडलेलं बोलणं’ हा मुद्दा मी जपून ठेवते आहे. मला जे सांगता येत नव्हतं ते हेच. जवळच्या मैत्रिणींना आपण बातम्या सांगतो. तिला मी बातमी न झालेलं सांगते.

पण शब्द मात्र बारावीवालीने दिला. तुझं अगदी बरोबर आहे गं. ‘सोबत’ मूळचा अरबी, ‘सुहबत’, फारसीतून आपल्याकडे आलेला. ‘साहेब’ त्याच धातूतला, आणि ‘साहिब’चा जुना अर्थ सोबती असाच आहे. पुढे तो खुर्चीवर जाऊन बसला, सोबत मात्र आपल्या शेजारीच राहिली. सोबतीत करार नाही. सोबत करणाऱ्याने काही करून दाखवायचं नसतं, असायचं असतं. मैत्री तुटते, ओळख विसरते, सोबत फार तर सुटते. उद्या आमची परीक्षा संपली, बोलणं विरळ होत थांबलं, तरी ‘मैत्री तुटली’ असं मी म्हणणार नाही. ‘एवढ्या वाटेपुरती सोबत होती’ असं म्हणता येईल, आणि ते खरं असेल.

एक शंका होती. सोबतीला शेजारी असावं लागतं, आणि ती तर कुठे आहे हेही मला नीट माहीत नाही. पण ‘रेडिओची सोबत होती’ असं आपण म्हणतोच की. तिथेही समोर कोणी नसतं. म्हणजे शब्दाने ती मोकळीक आधीच घेतलेली आहे.

आणि व्याकरणाचा एक फायदा लिहायचा राहिला. ‘तो माझी सोबत आहे’, ‘ती माझी सोबत आहे’, दोन्ही चालतं. शब्द स्त्रीलिंगी, माणूस कोणीही. पहिल्या तीन आठवड्यांत आत्याने विचारलं असतं, तरी मला उत्तर देता आलं असतं.

काल तिला हे सगळं वाचायला पाठवलं. तिने लिहिलं, ‘सोबत चालेल. बाकी काय?’