१८ किलोपेक्षा जड घड मागितले, ९ किलोचे कसे आले?

भाऊ, तुमच्या सावद्याच्या केळी-नोंदींच्या डेटाबेसमध्ये 'वजन > १८' ही अट लावल्यावर ९ किलोचे घड येतात आणि १०० किलोच्या वर गेलेल्या काही वजनपावत्या गायब होतात, याला > हे चिन्ह जबाबदार नाही. कुणीतरी तुम्हाला सॉफ्टवेअरच बदला म्हटलंय, त्याची काही गरज नाही. वजनाचा रकाना मजकूर प्रकारचा आहे आणि १८ अवतरणचिन्हांत लिहिलंय, असं दिसतं. मग तुलना अक्षरागणिक होते: आधी ९ आणि १ यांची गाठ पडते, ९ मोठा ठरतो, विषय संपला. १०० मध्ये दुसरं अक्षर ०, ते ८ पेक्षा लहान, म्हणून तो बाद. रकाना अंक प्रकारचा करून घ्या. मात्र आधी 'अंदाजे १८', '२० कि.' असलं काही कुणी भरून ठेवलंय का ते बघा; आपल्याकडे हे हमखास असतं.

तारखेचं वेगळं. बिटवीन, म्हणजे '१ मार्च ते ३१ मार्च' अशी अट, दोन्ही टोकं धरतं, पण रकान्यात वेळही असेल तर '३१ मार्च' म्हणजे ३१ तारीख सुरू होतानाचे, मध्यरात्रीचे शून्य वाजले. त्या दिवशी दुपारी भरलेले ट्रक सुटतात. त्यापेक्षा >= १ मार्च आणि < १ एप्रिल लिहा.

आणि गाव <> 'रावेर' (म्हणजे रावेर सोडून बाकी गावं) लावलंत तर गावाचा रकाना नल, म्हणजे काहीच न भरलेला, असलेल्या नोंदीही येणार नाहीत. नलशी केलेली तुलना ना खरी ना खोटी. त्या हव्या असतील तर 'ऑर गाव इज नल' जोडा.