८०८५ चा एम्युलेटर: २५६ केसचा स्विच मोडायचा की ठेवायचा?

जळगाव_लॅबवाला
आमच्या पॉलिटेक्निकचे ८०८५ चे (इंटेलचा जुना ८-बिट मायक्रोप्रोसेसर) किट एकेक करून मान टाकतायत, म्हणून पोरांसाठी सी मध्ये एम्युलेटर, म्हणजे त्या चिपची नक्कल करणारा प्रोग्राम, लिहिलाय. चालतो, पण गाभा म्हणजे सूचनेच्या बाइटच्या दर किमतीला एक, असा २५६ केसचा लांबलचक स्विच. तो मोडायचा विचार आहे. ४०एच ते ७एफएच (एच म्हणजे हेक्स आकडा) या ६४ कोडमध्ये वरचे दोन बिट ०१, मधले तीन सांगतात कुठे टाकायचं, शेवटचे तीन कुठून घ्यायचं. ६३ मूव्ह, म्हणजे इथली किंमत तिथे नेणाऱ्या सूचना, एवढ्यावर निघतात. उरलेला ७६एच म्हणजे हॉल्ट, थांबायची सूचना. ८०एच ते बीएफएच मध्येही तेच, बेरीज-वजाबाकीसारख्या आठ क्रिया गुणिले आठ ऑपरँड (ज्यावर क्रिया करायची ते). म्हणजे निम्मा स्विच मोजक्या ओळींत मावतो. बोला.

भुसावळ_जंक्शन
नका मोडू, सर. पोरगं किटवर ७८ दाबतं, पुस्तकामागच्या तक्त्यात बघतं तर मूव्ह ए, बी. तुमच्या कोडात केस ७८ उघडलं की समोर 'ए = बी'. याहून सोपं काय असतं? तुमच्या नव्या कोडात शिफ्ट आलं, मास्क आला, रजिस्टरचा (चिपमधल्या छोट्या कप्प्यांचा) ॲरे आला, आणि त्या तीन बिटांत ११० आलं की ते रजिस्टरच नाही, एचएल ही रजिस्टरजोडी दाखवेल ती मेमरी! ओळी घटल्या, डोक्याचा ताप वाढला. नुसत्या मूव्ह ए, बी वर ब्रेकपॉइंट लावायचा तर कुठे लावू? वर वेगही जाणार. स्विचचा कंपायलर सरळ जंप टेबल करून देतो.

तापीकाठ
वेगाचं सोडा भाऊ. किटवर ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, आत त्याचं निम्मं, ३.०७२. छोट्यात छोटी सूचना ४ टी-स्टेटची, म्हणजे आतल्या घड्याळाच्या ४ ठोक्यांची. सेकंदाला आठ लाखही होत नाहीत. लॅबमधला कोपऱ्यातला जुनाट पीसीसुद्धा एवढं हसत करेल.
आणि ११० म्हणजे मेमरी हा काही सरांनी काढलेला नियम नाही, तो चिपचाच आहे. २५६ केस लिहिल्या की नेमकं तेच पोरांना दिसत नाही, ती कोड पाठ करत बसतात. ब्रेकपॉइंटला अट घाला, झालं.

धुळेकरीण
मूव्हवर कशाला भांडताय? खरी भानगड फ्लॅगमध्ये, म्हणजे निकालाच्या खुणा ठेवणाऱ्या बिटांत, आहे. वजाबाकीसाठी वेगळा कोड लिहिणारे बहुतेक जण एसी फ्लॅगला (खालच्या चार बिटांचा हातचा) 'खालच्या निबलमध्ये, म्हणजे त्या चार बिटांत, उसना घ्यावा लागला का' असं तपासतात. ८०८५ तसं करत नाही. तो दुसऱ्या संख्येचे बिट उलटे करून, १ मिळवून, बेरीजच करतो. शेवटी सीवाय (पूर्ण आठ बिटांचा हातचा) तेवढा उलटवतो, एसी उलटवत नाही. ०५ मधून ०३ वजा करा: खालच्या निबलमध्ये ५ अधिक सी (३ चे उलटे बिट, हेक्स सी म्हणजे १२) अधिक १ म्हणजे १८, हातचा आला, एसी १. सीवाय मात्र ०. उसना तपासणारा कोड इथे एसी ० देतो. म्हणून एकच बेरजेचं फंक्शन ठेवा, वजाबाकी त्यातूनच काढा. कोड छोटा होतो आणि बरोबरही येतो.

भुसावळ_जंक्शन
पण मॅडम, एसी वापरतो कोण? डीएए, बेरजेचं उत्तर दशमान आकड्यांत बसवणारी सूचना. आणि ८०८५ चा डीएए बेरजेपुरताच. वजाबाकीनंतर एसी चुकला तर कुणाचं काय बिघडलं?

धुळेकरीण
पुश पीएसडब्ल्यू केलं की फ्लॅग स्टॅकवर जातात, तिथे दिसतो. आणि तोंडी परीक्षेत 'सब बी (ए मधून बी वजा) नंतर फ्लॅग सांग' म्हटल्यावर पोरानं तुमच्या एम्युलेटरवर विसंबून उत्तर द्यायचं का?

रावेर_केळीपट्टा
मॅडमशी सहमत, पण हात आखडता घ्या. एकदा सुटसुटीत करायची चटक लागली की माणूस आयएनआरला (एकने वाढवणारी सूचना) 'ॲड १' समजून त्याच फंक्शनात ढकलतो. आयएनआर सीवायला हात लावत नाही. आयएनएक्स (रजिस्टरजोडी एकने वाढवणारी) तर मॅन्युअलमधल्या पाचही फ्लॅगना विचारत नाही. एएनए (बिटागणिक अँड) आणखी वेगळी: ८०८५ मध्ये एसी कायम १, तर तिच्या आधीच्या ८०८० चिपमध्ये दोन्ही संख्यांच्या बिट ३ चा (० पासून मोजून) ऑर. ८०८० चा तयार कोड उचलला की इथेच फसगत.
टी-स्टेटचंही तेच. एका कोडला एकच आकडा असा तक्ता केलात तर जेएनझेड (निकाल शून्य नसेल तर उडी) गंडेल. उडी घेतली तर १०, नाही तर ७. डिले लूपचं प्रॅक्टिकल याच हिशोबावर चालतं ना भो!

तापीकाठ
यावर वाद कशाला, तपासून घ्या की. जुना स्विच फेकू नका, साक्षीदार म्हणून ठेवा. ए च्या २५६, दुसऱ्याच्या २५६, सीवायच्या २ किमती: प्रत्येक क्रियेला १,३१,०७२ जोड्या. जुन्या-नव्याचे निकाल आणि फ्लॅग जुळवा. चहा गार व्हायच्या आत होतं. नाही जुळलं तर कोणाचं चुकलं ते इंटेलचं मॅन्युअल सांगेल.

भुसावळ_जंक्शन
म्हणजे आता दोन-दोन कोड सांभाळायचे. याला सोपं करणं म्हणतात का?

जळगाव_लॅबवाला
साक्षीदार चाचणीच्या फोल्डरमध्ये राहील भाऊ, पोरांच्या हातात नाही. मूव्ह आणि आठ क्रिया मोडतो, वजाबाकी बेरजेतून काढतो. आयएनआर, डीएए, उड्या आहेत तशा वेगळ्या केसमध्येच. एएनए ८०८५ च्या नियमानं.

भुसावळ_जंक्शन
मला अजूनही नाही पटलं. पण मोडताच आहात तर मूव्हच्या आधी ७६ तपासा. नाहीतर हॉल्टच्या जागी मेमरीतून मेमरीत मूव्ह होईल आणि प्रोग्राम थांबायचं सोडून पुढचा कचरा चालवत सुटेल.